नरकासुराच्या स्टुलावरून पडला नि मनगट मोडलं: भराभर वाढणाऱ्या पोरांची हाडं कच्ची असतात का?

शेवंती_माशेल | २३ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.४०

मंडळी, पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

माझा मुलगा साडेतेरा वर्षांचा. दिवाळीआधी आठवडाभर इथे गोव्यात वाड्यावरची पोरं जाळायचा नरकासुराचा पुतळा करत होती. बांबूचा सांगाडा उभा, पोटात गवत भरून झालेलं, आणि हा प्लास्टिकच्या स्टुलावर चढून मुखवट्याच्या मिशा रंगवत होता. स्टूल कलंडलं, हा डावा हात टेकून खाली आला. उंची किती? माझ्या गुडघ्याएवढी. खाली माती, तीही पावसाने भिजलेली. रडला नाही, "कांय जावंक ना" म्हणाला आणि परत ब्रश हातात घेतला. घरी आला तेव्हा मनगट उंड्यासारखं टम्म फुगलेलं.

एक्स-रेमध्ये मनगटाच्या जरा वर मोठं हाड मोडलेलं दिसलं. भेग ग्रोथ प्लेटपर्यंत, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या जागेपर्यंत, गेली आहे, पण हाड जागेवरून हललेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. चार आठवडे प्लास्टर. नरकासुराची रात्र त्याने पडवीत बसून काढली, त्याला दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं.

मला झोप न येण्याची कारणं वेगळी आहेत. आमच्या मूळ घरी माजघराच्या चौकटीवर दर चवथीला (गणेशचतुर्थीला) सगळ्या मुलांच्या उंचीच्या खुणा करतात, पेन्सिलीने, बाजूला वर्ष. याच्या खुणा: २०२२ ला १३८, २०२३ ला १४३.५, २०२४ ला १४८.५ आणि यंदा १५७.७ सेंटिमीटर. जूनमध्ये शाळेसाठी घेतलेले बूट चवथीला पायात जाईनात. एवढं भराभर लांब होताना हाड आतून पोकळ राहतं का?

दुसरं, ऑगस्टमध्ये आमच्याकडे एक मोफत शिबिर झालं होतं, "हाडांची ताकद तपासा". टाच यंत्रात ठेवायची, दोन मिनिटांत चिठ्ठी. माझी काढली, मागे उभा होता म्हणून याचीही काढली. त्याच्या चिठ्ठीवर "टी-स्कोअर उणे २.६" आणि लाल अक्षरांत "ऑस्टिओपोरोसिस", म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. शेजारच्याच टेबलावर टॉनिकचे डबे होते, सवलतीत. तेव्हा मी हसून सोडून दिलं. आता हसू येत नाही.

सासूबाई म्हणतात दूध पीत नाही म्हणून मोडलं. दीर म्हणतात मोबाईलमुळे. (दिरांच्या मते चक्रीवादळंही मोबाईलमुळेच येतात.) फुटबॉल बंद करू का, हा खरा प्रश्न आहे. घरात या विषयावर दोन तट पडलेत.

---

पेडण्याचा_पांडू | २३ ऑक्टोबर, ११.०५

नरकासुर जाता जाता एक हात घेऊन गेला म्हणायचा. लवकर बरा होऊ दे. पुढच्या वर्षी स्टूल लाकडी द्या.

---

कुळागर_इंजिनियर | २४ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

शेवंतीताई, मी सिव्हिलवाला, हाडांतलं मला कळत नाही. पण पोफळ रोज बघतो. सावलीतली कोवळी पोफळ उजेडासाठी वर धावते, बुंधा मात्र तेवढाच राहतो. वारा आला की तीच आधी आडवी होते. माड सावकाश वाढतो आणि बुंध्याशी जाड असतो.

आता हिशोब. तुमचा मुलगा वर्षात १४८.५ वरून १५७.७ वर गेला, म्हणजे साधारण ६ टक्के. समजा तो सगळ्या बाजूंनी सारखाच ६ टक्के मोठा झाला. तर वजन जवळपास २० टक्क्यांनी वाढलं आणि हाडाचा छेद १३ टक्क्यांनीच. म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटर हाडावर पडताना येणारा भार आधीपेक्षा जास्त. वर हात लांब झाले, पडण्याची उंचीही वाढली. आणि हे सगळं हाड लांबीबरोबर जाडही झालं असं धरून. ते खरंच तसं होतं का, हे डॉक्टर लोकांनी सांगावं.

---

सांधेमिस्त्री | २४ ऑक्टोबर, दुपारी २.३०

ओपीडी उरकून आलो. हाडांचा डॉक्टर आहे. मुलाला न पाहता इथे उपचार सांगणार नाही, पण आत काय चालतं ते सांगतो, कारण इंजिनियरसाहेबांनी नेमका प्रश्न विचारलाय. उत्तर: नाही, या वयात हाड लांबीच्या बरोबरीने भरत नाही. मागे राहतं.

लांब हाड मधून ताणलं जाऊन वाढत नाही, ते टोकांपाशी वाढतं. तिथे कूर्चेची पातळ चकती असते, तीच ग्रोथ प्लेट. तिच्यात पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकावर एक रचल्या जातात, मग फुगतात, त्यांच्याभोवती चुन्याचे क्षार बसतात आणि त्या जागी जाळीदार कोवळं हाड तयार होतं. ही जाळी पुढे दाट होत, एकमेकींत मिसळत बाहेरचं कडक कवच बनवते. या शेवटच्या कामाला वेळ लागतो.

आपल्याकडे चिऱ्यांची भिंत बांधतात तसं समजा. गवंडी घाईने थर चढवत गेला, खालच्या सांध्यांवर पाणी मारायलाही उसंत नाही. भिंत उंच दिसते, पण वरचे चार थर अजून ओले. वाढीच्या जोरात मनगटाजवळचं कवच तसंच असतं: पातळ, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक भोकांचं.

मनगटच का? पुढच्या हातातल्या मोठ्या हाडाची जवळपास ८० टक्के लांबी मनगटाकडच्या टोकातून येते. जिथे कारखाना सर्वांत जोरात, तिथेच माल सर्वांत ओला. आणि पडताना माणूस टेकतो तो हातच.

आता आकडे. उंचीचा सर्वांत जोराचा काळ मुलींमध्ये बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांमध्ये साडेतेरा-चौदाच्या. तेव्हा मुलगी वर्षाला साधारण ८ आणि मुलगा ९-१० सेंटिमीटर वाढतो. हाडात क्षार भरण्याचा जोर मात्र त्यानंतर सहा महिने ते वर्षाने येतो. कॅनडात सस्कॅचेवान विद्यापीठाने १९९१ पासून त्याच त्याच मुलांना वर्षानुवर्षं मोजलं, त्यातून हे स्पष्ट झालं. उंचीच्या जोराच्या क्षणी मुलाची उंची मोठेपणीच्या ९० टक्के झालेली असते, पण हाडातला क्षार जेमतेम ६० टक्के. ती दरी असते तो काळ नाजूक. तुमचा चिरंजीव बरोब्बर त्या दरीत उभा आहे. म्हणजे स्टुलावर.

म्हणून मनगट मोडण्याचं वय मुलींमध्ये अकरा-बारा आणि मुलांमध्ये तेरा-चौदा असंच सगळीकडे दिसतं. स्वीडनमधल्या माल्मो शहराचा १९८३ चा अभ्यास आमच्या क्षेत्रात अजून सांगितला जातो: सोळाव्या वर्षापर्यंत ४२ टक्के मुलगे आणि २७ टक्के मुली एकदा तरी काहीतरी मोडून घेतात. तेव्हा तुमच्या घरात काही अघटित घडलेलं नाही.

भेग ग्रोथ प्लेटपर्यंत गेली असेल तर तिचे प्रकार असतात, १९६३ साली सॉल्टर आणि हॅरिस यांनी पाडलेले. सर्वांत जास्त दिसतो तो दुसरा, आणि तो सहसा नीट भरून येतो. पण प्लास्टर निघालं की विषय संपला असं करू नका. प्लेटला मार बसला की क्वचित तिचा एखादा भाग वाढायचा थांबतो आणि हात वाकडा वाढत जातो. ते दोन महिन्यांत कळत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

---

शेवंती_माशेल | २४ ऑक्टोबर, सायं. ६.१०

डॉक्टर, "स्टुलावर" वाचून आजारी माणूससुद्धा हसला. बरं वाटलं. पण ती चिठ्ठी? उणे २.६?

---

सांधेमिस्त्री | २४ ऑक्टोबर, रात्री ९.२०

ती चिठ्ठी चुलीत घाला. मी सहसा असं बोलत नाही.

टी-स्कोअर म्हणजे तुमचं हाड विशी-तिशीतल्या धडधाकट माणसाच्या हाडाशी ताडून काढलेला आकडा. तो पन्नाशीच्या बाईसाठी आहे. तेरा वर्षांच्या मुलाचं हाड अजून भरतंय, ते मोठ्या माणसापुढे उणेच निघणार. पोराला बापाच्या सदऱ्यात उभं करून "किती रोडावला हा" म्हणण्यासारखं आहे ते. मुलांना झेड-स्कोअर लावतात, म्हणजे त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या मुलांशी तुलना. तोही टाचेवरच्या यंत्रावर नाही, डेक्सा नावाच्या तपासणीत, कंबरेच्या मणक्यांवर किंवा डोकं वगळून सगळ्या शरीरावर. आणि त्यातही मुलाची उंची हिशोबात धरावी लागते, कारण लहान चणीच्या मुलाचं हाड त्या यंत्राला उगाच विरळ दिसतं.

मुलांमध्ये ऑस्टिओपोरोसिस हा शब्द नुसत्या आकड्यावरून वापरतच नाहीत. विशेष मार न लागता मणका दबला, तर वापरतात. नाहीतर झेड-स्कोअर उणे २ किंवा त्याखाली हवा, आणि सोबत दहाव्या वर्षापर्यंत दोन किंवा एकोणिसाव्यापर्यंत तीन लांब हाडं मोडलेली हवीत. एकदा मनगट मोडलं, तेही पडून, हे त्यात कुठेच बसत नाही.

खोलात जायला लावणाऱ्या गोष्टी वेगळ्या: खोकताना किंवा कूस बदलताना हाड मोडणं, पाठीचं सततचं दुखणं, डोळ्यांचा पांढरा भाग निळसर असणं, घरात इतरांचीही हाडं सहज मोडण्याचा इतिहास, दम्यासाठी वा इतर कशासाठी महिनोन्महिने पोटातून स्टिरॉइड, जुनाट जुलाब, किंवा वजन-उंचीच न वाढणं. यातलं काही असेल तर इथे लिहू नका, थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा.

---

शेवंती_माशेल | २४ ऑक्टोबर, ९.४५

यातलं एकही नाही. चिठ्ठी चुलीत नाही घातली, आमच्याकडे गॅस आहे. फाडली.

---

आबोली_आजी | २५ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

बाळाला माझा आशीर्वाद. आमच्या वेळी असली यंत्रं नव्हती, पण पोरं वाढायला लागली की सासू सकाळी तिझन करायची. नाचणे रात्री भिजत घालायचे, सकाळी पाट्यावर वाटून फडक्यातून गाळायचे, दोनदा, तीनदा, पाणी पांढरं येईपर्यंत. ते दूध चुलीवर ठेवून ढवळत राहायचं, हात थांबला की गुठळी. मग नारळाचा रस, गूळ, चिमूट मीठ. केळीच्या पानावर ओतून वडी पाडली तर पोरं जास्त खातात.

आणि एक उपाय: दह्यात भाताच्या शिताएवढा पानाचा चुना. माझे तिन्ही मुलगे त्यावर वाढले. एकाचंही हाड मोडलं नाही.

---

मीनल_म्हापसा | २५ ऑक्टोबर, ११.००

आजी, नमस्कार. तिझन वाचून तोंडाला पाणी सुटलं. मी आहारतज्ज्ञ आहे, तेव्हा थोडं बोलू द्या. आणि चुन्याचं माझ्यावर सोडा, कृपया कोणी मुलांना देऊ नका. पानाचा चुना जाळतो. शीत कुणाचं किती मोठं, याचा भरवसा नाही. तोंड, अन्ननलिका पोळल्याची उदाहरणं असतात.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १० ते १२ वर्षांना रोज ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम, १३ ते १५ ला १०००, १६ ते १८ ला १०५०. म्हणजे तेराच्या पुढे मोठ्या माणसाएवढंच किंवा जास्त. वाढीच्या ऐन जोरात मुलगा दिवसाला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम हाडात साठवतो, आणि खाल्लेल्यातलं सगळं काही अंगी लागत नाही. म्हणून एवढं लागतं.

नाचण्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम. ऐकायला भारी. पण एका वाटी तिझनात नाचणी जाते वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे ऐंशीच्या आसपास, आणि गाळून चोथा टाकला की त्याहून कमी. आजी, रागावू नका, पण गाळू नका. पिठाची आंबील किंवा भाकरी जास्त देते.

पेलाभर दूध किंवा वाटीभर दही दोनशे-अडीचशेपर्यंत नेतं. शेवंतीताईंचा मुलगा दूध पीत नाही ना? दही, ताक, पनीर चालतं का बघा. तीळ न सोललेले, १०० ग्रॅमला हजारच्या वर. रोज दोन चमचे चटणीत गेले तरी शंभरेक.

आणि आपण गोंयकार लोक एक गंमत करतो. बांगडा खातो आणि काटा ताटाच्या कडेला लावतो. कॅल्शियम त्या काट्यात! बांगड्याचा काटा कुणी खा म्हणणार नाही, पण बारके तारले मंद आचेवर आंबट घालून शिजवले की काटा मऊ पडतो, तो चावून खाता येतो. सुकी सुंगटं (कोळंबी) भाजून किसमूर केली तर साल-डोक्यासकट पोटात जातात. मीठ तेवढं बघा, ती आधीच खारट असतात. शाकाहारी घरात दही, तीळ, नाचणी, तांबडी भाजी (लाल माठ), ही बाजू भक्कम ठेवायची. तांबड्या भाजीतलं सगळं शोषलं जात नाही, पण म्हणून सोडू नका.

प्रथिनं विसरू नका. हाड म्हणजे नुसता चुना नाही, त्यातली जाळी प्रथिनाची आहे. नुसत्या शितकडीवर आणि चिप्सवर पोरगं लांब होतं, भरत नाही.

---

आबोली_आजी | २५ ऑक्टोबर, ११.४०

गाळलं नाही तर घशात खरखरतं. पण बघते करून.

---

कोलवाळचा_बाबा | २५ ऑक्टोबर, दुपारी ३.००

ड जीवनसत्त्वाबद्दल कुणीच बोललं नाही. गोव्यात एवढं ऊन, इथे कमी कसं पडेल? तरी आमच्या मुलीचं कमी निघालं. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक दिली होती. वर्ष झालं, चालूच आहे. चांगलंच आहे ना?

---

सांधेमिस्त्री | २५ ऑक्टोबर, ४.१५

बाबा, पुडी आजच थांबवा आणि उद्या मुलीचं रक्त तपासून घ्या, कॅल्शियमसकट. ती पुडी सहसा सहा-आठ आठवड्यांसाठी असते, नंतर रोजचा छोटा डोस. या वयाला रोज ६०० युनिट पुरतात. तुमची पुडी आठवड्याला ६०,००० देते, म्हणजे दिवसाला साडेआठ हजारांवर. जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं: सारखी तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, पुढे मूतखडा. चिठ्ठीवर "किती आठवडे" लिहिलेलं असेल, बघा.

आणि ऊन असून कमी का? कारण पोरं उन्हात नसतात. सकाळी साडेसातला शाळा, दुपारी शिकवणी, संध्याकाळी कोवळं ऊन, ज्यात कामाचे किरण फार थोडे. ते मिळतात दहा ते तीनच्या मध्ये, आणि बसच्या काचेतून येत नाहीत. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो. त्यात आपला जून ते सप्टेंबर ढगांत जातो. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशभरातल्या १० ते १९ वयाच्या २४ टक्के मुलांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता निघाली होती.

---

कोलवाळचा_बाबा | २५ ऑक्टोबर, ४.३०

बघितलं. "८ आठवडे" लिहिलंय. बायको माझ्याकडे बघते आहे.

---

काणकोणचा_विनू | २५ ऑक्टोबर, रात्री ८.००

एवढ्या भानगडी कशाला? आमच्याकडे एक हाडवैद्य आहेत, पाला लावून बांबूच्या कामट्या बांधतात. माझं पायाचं हाड त्यांनीच जोडलं. प्लास्टर काढून तेल लावून ओढून घ्या, आठ दिवसांत बॉल मारेल.

---

सांधेमिस्त्री | २५ ऑक्टोबर, ८.४०

विनू, तुझं जुळलं याचा आनंद आहे. पण न हललेलं मनगट कुणी काहीही बांधलं तरी जुळतं, श्रेय शेवटी बांधणाऱ्याला मिळतं. वाढत्या मुलाच्या ग्रोथ प्लेटवर चोळणं-ओढणं नको म्हणजे नको. आणि घट्ट कामट्यांमुळे बोटं काळीनिळी पडलेली मुलं मी पाहिली आहेत. ताई, प्लास्टर असतानाही हे लक्षात ठेवा: बोटं बधिर होणं, फिकट किंवा निळी पडणं, बोट सरळ करताना जीव जाईल असं दुखणं, रात्री दोनला झालं तरी रात्री दोनलाच निघायचं.

---

शिट्टीमास्तर | २६ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

फुटबॉलचं मी बोलतो. गेली अठरा वर्षं शाळेतल्या पोरांना खेळवतो. फुटबॉल गोव्याचा राज्यखेळ, त्यामुळे आमच्याकडे आईबाप दोन टोकांचे: एक "माझ्या पोराला रोज चार तास पळवा", दुसरे "बाई गं, पडेल".

सातवी-आठवीत एक प्रकार दर वर्षी दिसतो. गेल्या मोसमात ज्याच्या पायाला चेंडू चिकटलेला असायचा तो जून उजाडला की स्वतःच्या पायात पाय घालून पडतो. सरळ धावता येत नाही, वळताना ढोपरं मोडल्यासारखी. पाय लांब झालेत, डोक्याला अजून पत्ता नाही. आईबाप म्हणतात आळशी झाला. आळशी नाही, त्याला नवं शरीर वापरायला वेळ द्यायचा असतो. म्हणजे हाड ओलं आणि वर पडणंही जास्त.

मी काय करतो: पोरांची उंची दर तीन महिन्यांनी घेतो. जो उसळतोय त्याची आठवड्याची एक-दोन सत्रं कमी करतो, शेवटच्या शंभर किका काढून टाकतो, तोल सांभाळण्याचे खेळ वाढवतो. घरी बसवत नाही. घरी बसवलेला वर्षाने परत येतो तेव्हा जास्त मोडतो, हा माझा अनुभव.

गुडघ्याखाली नडगीवर दुखरा उंचवटा आणि टाचेचं दुखणं, ही दोन गाऱ्हाणी याच वयात. त्यावर डॉक्टर बोलतील.

---

सांधेमिस्त्री | २६ ऑक्टोबर, दुपारी १.१०

मास्तर, तुमच्यासारखे चार असते तर माझी ओपीडी निम्मी झाली असती.

तो नडगीवरचा उंचवटा म्हणजे ऑसगुड-श्लाटर, टाचेचा तो सेव्हर. हाड लांब झालं, स्नायू आखूड राहिला, तो आपल्या कूर्चेच्या मुळाला ओढत राहतो. बर्फ, ताणाचे व्यायाम, खेळ थोडा कमी; वाढ थांबली की जातं.

पण एक वेगळं सांगतो, सगळ्यांनी लक्षात ठेवा. वाढीच्या वयातला मूल, बहुतेकदा वजनाने जड, गुडघा किंवा मांडी दुखते म्हणतो आणि लंगडतो, पाऊल बाहेर वळवून चालतो. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ येतो, "वाढीचं दुखणं" म्हणून घरी पाठवतात. दोष असतो खुब्यात: मांडीच्या हाडाचं डोकं ग्रोथ प्लेटवरून सरकलेलं असतं. अशा मुलाला चालवू नका, उचलून आणा, खुब्याचा एक्स-रे मागा. इथे दिवस मोजले जातात.

फुटबॉल बंद करू का, या प्रश्नावर मी मास्तरांच्या बाजूने. हाड भार पडल्यावरच जाड होतं, आणि ते सर्वांत जास्त ऐकतं ते याच वयात. रॅकेट खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. मुलींमध्ये पाळी येण्याआधी खेळायला लागलेल्यांत हा फरक उशिरा सुरू करणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळला. उडी, धाव, दिशा बदलणं, हे हाडाला कळतं. पोहणं आणि सायकल तब्येतीला उत्तम, पण हाडाला त्यातून फारसा निरोप जात नाही. नाजूक काळ आणि हाड घडण्याचा काळ एकच आहे, हीच पंचाईत. प्लास्टर निघाल्यावर महिना-दीड महिना धक्काबुक्कीचा खेळ नको, मग हळूहळू, तुमच्या डॉक्टरांना विचारून.

---

दोघींची_आई_फोंडा | २६ ऑक्टोबर, रात्री १०.००

मुलींचं कोण बोलणार? माझी थोरली पंधराची. "जाड दिसते" म्हणून रात्रीचं जेवण सोडलंय, जिम्नॅस्टिक्स चालू, आणि चार महिने पाळी नाही. मला वाटलं व्यायामाने असेल.

---

मीनल_म्हापसा | २६ ऑक्टोबर, १०.२५

ताई, हे थांबून बघायचं प्रकरण नाही. खाणं कमी, व्यायाम जास्त, पाळी बंद, ही साखळी आहे. पाळी बंद म्हणजे इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी, आणि हाड भरायला तेच लागतं. ऐन भरायच्या वर्षांत हाडाची शिदोरी कमी पडते, आणि ती पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा आणि तिच्याशी वजनाबद्दल न बोलता खाण्याबद्दल बोला. मला व्यक्तिगत निरोप करा.

---

कुळागर_इंजिनियर | २७ ऑक्टोबर, सकाळी ७.००

एक तांत्रिक आक्षेप. चौकटीवरच्या खुणा वर्षाच्या नाहीत! चवथ तिथीने येते. २०२२ ला ३१ ऑगस्ट, २०२३ ला अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबर, २०२४ ला ७ सप्टेंबर, यंदा २७ ऑगस्ट. म्हणजे पहिलं अंतर ३८४ दिवसांचं, पुढची दोन ३५४ ची. ३६५ दिवसांवर आणलं तर वेग असे: ५.२, ५.२ आणि ९.५ सेंटिमीटर. ताई, पहिली दोन वर्षं खुणांवर वेगळी दिसतात, प्रत्यक्षात वेग एकच होता. उसळी यंदाचीच. पुढच्या वर्षीही अधिक महिना आहे, चवथ १४ सप्टेंबरला. तेव्हा खूण जरा जास्तच वर दिसेल, दचकू नका.

---

पेडण्याचा_पांडू | २७ ऑक्टोबर, ७.२०

गणपतीसुद्धा म्हणत असेल, आधी माझी तिथी, मग तुझा भागाकार.

---

शेवंती_माशेल | ११ जानेवारी २०२६, रात्री ९.१५

उशिरा येते आहे. पाच आठवड्यांनी प्लास्टर निघालं. आतला हात बघून मीच घाबरले: बारीक, कातडी खवल्यांची, आणि लव दुसऱ्या हाताच्या दुप्पट. डॉक्टर म्हणाले सगळं जागेवर येतं, आलंही. हाड जुळलंय. पुढचा एक्स-रे एप्रिलमध्ये, मी स्वतःहून विचारल्यावर त्यांनी तारीख लिहून दिली.

ड जीवनसत्त्व कमी निघालं, १६. आठ आठवड्यांचा डोस दिला, आणि मी कॅलेंडरवर शेवटच्या तारखेला लाल फुली मारली आहे, कोलवाळच्या बाबांचं स्मरण करून. दूध अजून पीत नाही. ताक पितो, तिळाची चटणी खातो, आणि तारल्यांची आंबट-तिख डोक्यासकट संपवतो. सासूबाईंनी तिझन न गाळता केलं. एकदाच. मग पुन्हा गाळायला लागल्या.

फुटबॉल डिसेंबरच्या शेवटी सुरू झाला, आठवड्यातून तीन दिवस. मास्तर, तुमचं वर्णन वाचून दाखवलं तेव्हा म्हणाला, "हे माझ्याबद्दलच कोणी लिहिलं?" ख्रिसमसच्या सुट्टीत मूळ घरी गेलो तेव्हा हट्टाने चौकटीला टेकून उभा राहिला. १६०.९. चवथीपासून चार महिन्यांत ३.२. इंजिनियरसाहेब, भागाकार तुम्ही करा.

धाकटी साडेदहाची आहे. तिची खूण आता दर तीन महिन्यांनी करायची, असं ठरवलंय. चौकटीवर जागा कमी पडायला लागली आहे.

---

कुळागर_इंजिनियर | ११ जानेवारी, ९.३०

२७ ऑगस्ट ते नाताळ म्हणजे १२० दिवस. वर्षाला ९.७. अजून जोरात आहे. स्टूल लपवा.